एल्वाचा उजवा हात

पडद्यावर एल्वा होती, पण तिचा उजवा हात नव्हता. बाही होती, बाहीचं बटण होतं, मनगटाचं वर आलेलं हाडही दिसत होतं; आणि त्याच्यापुढे, जिथे पंजा असायचा तिथे, नुसता एक धुरकट फराटा होता, ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर मागे राहतो तसा. डोरीननं टेप मागे घेतली, पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली. चालत्या टेपमध्ये एक म्हातारी बाई घाईघाईनं माशा हाकलत होती. थांबवली की माशाही नाहीत आणि हातही नाही. रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातून पॅनकेक भाजल्याचा वास येत होता. डोरीननं जमिनीवर टाच आपटली, दोनदा, जोरात, फरशी हादरेल अशी. मग तिचा नवरा लॉइड दारात आला, एका हातात उलथणं घेऊन. घरात दोघंही बहिरी, तेव्हा हाक मारायची ती फरशीतूनच. हातात उलथणं असलं की लॉइडचं बोलणं तोंडात घास धरून बोलणाऱ्या माणसासारखं होई, अर्ध्या खुणा गिळलेलं. ‘काय झालं?’ त्यानं उरलेल्या हातानं विचारलं.

‘हे बघ.’

‘छान आलीय की. केस जरा पिवळे दिसतायत, तो दिव्याचा दोष.’

‘हात कुठाय?’

‘हात? हा काय—’ लॉइड पडद्याजवळ वाकला. उलथण्यावरून पिठाचा थेंब गालिच्यावर पडला तो त्याला दिसला नाही. ‘अरेच्चा,’ तो म्हणाला. ‘हात खाल्ला की यानं.’

तो हसत होता. कॅमेरा त्याचा होता, निवृत्तीच्या वेळी त्यानं स्वतःच स्वतःला घेतलेला, आणि शुक्रवारी क्लबात हे चित्रण त्यानंच केलं होतं, तिवईवर कॅमेरा लावून, एखाद्या लग्नातल्या फोटोग्राफरसारखा मिरवत. डोरीनला हसू येईना. शुक्रवारी त्याच हॉलमध्ये, त्याच पिवळ्या दिव्यांखाली, ती पहिल्या रांगेत बसली होती आणि एल्वाच्या गोष्टीतला, तिनं हातांनी उभा केलेला घोडा बर्फातून खाली जाताना तिचा श्वास अडकला होता, दर वेळी अडकतो तसा. जेवणाऱ्या लोकांनी तळलेल्या माशाचे तुकडे तसेच ताटात ठेवले होते. मग ते सगळं कुठे गेलं? तिथे होतं आणि इथे नाही, म्हणजे मुळात होतं तरी का? की आपण सगळे बहिरे लोक इतकी वर्षं एका म्हातारीच्या फराट्याला घोडा समजत आलो? हा विचार मनात येताच ती दचकली, आणि दचकण्याचं कारण असं की एल्वाचा घोडा खोटा निघाला, तर डोरीन नावाच्या बाईचंही फारसं काही खरं उरत नव्हतं.

एल्वा शाफर ऐंशीच्या घरातली. रॉचेस्टरच्या बहिऱ्यांच्या क्लबात तिच्याइतकं जुनं कुणी नव्हतं आणि तिच्यासारखी गोष्ट सांगणारं तर कधीच कुणी नव्हतं. आता संधिवातानं तिच्या उजव्या हाताची पार वाट लागली होती. अंगठ्याचा सांधा झिजला होता, मनगट रात्रंदिवस ठणकत होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की शस्त्रक्रिया करून मनगटाची हाडं एकमेकांना जोडून टाकू, अंगठाही पक्का करू. दुखणं जाईल. मनगट वळणार नाही, अंगठा वाकणार नाही, पण दुखणं जाईल. एल्वानं हे क्लबात सांगितलं तेव्हा ‘दुखणं जाईल’ ही खूण तिनं इतक्या ऐटीत केली, की लोक हसले आणि मग एकदम कुणीच हसेना. मे महिन्यात लिलाकची जांभळी झाडं फुलायच्या आत ऑपरेशन होतं. तेव्हा लॉइडच म्हणाला, की त्याच्याआधी घोडा टेपवर घेऊन ठेवू.

घोड्याची गोष्ट एल्वाच्या लहानपणची, उत्तरेकडच्या तळ्यावरची. तिचा बाप हिवाळ्यात विकण्यासाठी तळ्यावरचा गोठलेला बर्फ कापायचा. घोडा घसरगाडी ओढायचा. एके दिवशी बर्फ फाटला आणि घोडा खाली गेला. एल्वाचा डावा तळवा, आडवा धरलेला, म्हणजे तळं. उजव्या हाताची चार बोटं म्हणजे चार पाय, वर उचललेला अंगठा म्हणजे मान. एवढंच सामान. बर्फ फाटतो, घोडा पाण्यात पाय मारतो, बाप त्याच्या गळ्यात दोर टाकून करकचून आवळतो, कारण श्वास कोंडला की घोड्याचं अंग फुगतं आणि तो तरंगतो. गळा आवळून जीव वाचवायचा. मग माणसं ओढतात, घोडा काठावर येतो, आणि दोर सुटताच घराकडे धावत सुटतो. तळव्यावरून, मनगटावरून, कोपरापर्यंत, आणि खांद्यामागे दिसेनासा.

डोरीननं तो घोडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आई, वडील, भाऊ, सगळे ऐकणारे. शाळा अशी, की मुलांनी हातानं बोलू नये म्हणून त्यांना आपापल्या हातांवर बसवत. ओठ वाचायचे, घशातून आवाज काढायचा, आणि हात मांडीखाली. डोरीनला अजूनही कधी लाकडी खुर्चीवर बसल्यावर बोटांच्या पेरांत ते बाक जाणवतं, त्याच्या फळीतली फट, त्या फटीत अडकलेलं कातडं. ओठांवरून शब्द हाती लागत ते पावसाळी खिडकीतून रस्ता दिसावा तसे, इथे एक छत्री, तिथे एक चाक. घरी जेवणाच्या टेबलावर सगळे खदखदून हसत. ‘काय झालं?’ ती विचारी. आई तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणे, ‘नंतर सांगते हं.’ ते नंतर कधी आलं नाही. ती मोठी झाली ती अशा अर्ध्या गोष्टींवर. प्रत्येक गोष्टीला भोकं, आणि भोकं बुजवायचं काम तिचं, आणि बुजवलेलं बरोबर की चूक हे सांगणारं कुणी नाही. मग कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या एका बहिऱ्या मुलीनं तिला क्लबात नेलं. तिला तेव्हा जेमतेम काही खुणा येत होत्या. समोर एक ठेंगणी बाई उभी राहिली, तिनं डावा तळवा आडवा धरला, आणि डोरीनच्या पायाला थंडी वाजली. अगदी खरी, बुटांच्या तळव्यातून वर चढणारी. घोडा आला, बर्फ फाटला, घोडा गेला, घोडा वर आला. आणि गोष्ट संपल्यावर डोरीनच्या लक्षात आलं की मधे एकही भोक नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं तिचं होतं. टाळ्या म्हणून लोक हवेत पंजे हलवत होते आणि ती आपले हात मांडीवर घेऊन बसली होती, ते प्रथमच दिसत असल्यासारखी त्यांच्याकडे बघत.

नंतर त्या हातांना बोलता आलं, पण उशिरा आलेलं ते. लॉइड बहिऱ्या आईबापांचा मुलगा, त्याची बोटं पाळण्यातच बोलायला लागलेली. तो चिडवायचा, ‘डोरीनच्या खुणांना कडक इस्त्री असते.’ खरंच होतं ते. प्रत्येक खूण स्वच्छ, सुटी, शेजारच्या खुणेला न शिवणारी. क्लबात ती कधी उठून गोष्ट सांगायला उभी राहिली नाही. भांडी धुतली, हिशेब ठेवले, दिवे लावले-विझवले. आणि पाहिलं. पाहण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लॉइडनं कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक काढलं. चष्मा कपाळावरून खाली आला. ‘शटर स्पीड,’ त्यानं बोटांनी एकेक अक्षर पाडत सांगितलं. ‘हे बघ. कॅमेरा एकेक चित्र घेतो. प्रत्येक चित्रासाठी डोळा किती वेळ उघडा ठेवायचा ते हे. अंधार असला की हा शहाणा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात आपली एल्वा घोडा, दोर आणि दोन माणसं करून मोकळी. म्हणून फराटा. वेग वाढवला की हात जागच्या जागी थिजेल. मोटारीचे फोटो, गोल्फचे फटके, त्यासाठी दिलंय.’

‘मग वाढव ना.’

त्यानं वाढवला आणि खोलीत काळोख झाला. खोलीत नव्हे, पडद्यावर. डोळा जितका कमी वेळ उघडा, तितका उजेड कमी. दिवे लावले, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली गेले, तर तिथे सगळं चित्र धडधडायला लागलं, हिरवट, मग गुलाबी, मग हिरवट, आजारी माणसाच्या नाडीसारखं. एरवी स्थिर वाटणारी ती ट्यूब मुळात सारखी मिचमिचतच असते, लॉइड म्हणाला, आपल्या डोळ्यांना कळत नाही इतकंच. त्याला हा शोध फार आवडला. डोरीन मात्र वर ट्यूबकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्या उजेडात तिनं बटाटे सोलले तो उजेड असा होता तर.

‘ऊन पाहिजे,’ ती म्हणाली.

ऊन मागायला रॉचेस्टरचा एप्रिल म्हणजे अगदी चुकीचा दुकानदार. सरोवरावरून ढग येत आणि छपरांवर बसत. डोरीन सकाळी उठून पहिलं आकाश बघे. तिला वाटे, रोज थोडा थोडा हात जातोय. फराटा पडद्यावरून उतरून एल्वाच्या घरी गेलाय, तिच्या टेबलाशी बसलाय आणि एकेक बोट पुसतोय. दुपारी ती कॅमेरा खिडकीत लावून लॉइडचा हात घेई, मग वेग बदलून पुन्हा तोच हात. लॉइड कंटाळला की कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी खेळे. त्या बटणावर चित्राचे नाना नखरे होते. एकदा दाबलं की सगळं आजीच्या अल्बमसारखं तपकिरी, आणखी दाबलं की चौकोनी फरशांचं, आणखी दाबलं की फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं. त्यानं शेजाऱ्यांचं कुत्रं फरशांचं केलं, डोरीनला तपकिरी केली. ‘बघ, तू इतिहासात गेलीस,’ तो म्हणाला. डोरीन म्हणाली, ‘बॅटरी संपवू नकोस.’

आणि मग एका मंगळवारी ढग फाटले. डोरीननं गाडी काढली आणि एल्वाला तिच्या दाराशी जाऊन उभ्या उभ्या सांगितलं, चल. एल्वा फुलाफुलांचा ब्लाउज घालून आली, ओठ रंगवलेले.

‘हा नाही चालणार,’ डोरीन म्हणाली. ‘फुलांत हात हरवतील.’

‘नवा आहे अगं.’

‘लॉइडचा काळा स्वेटर देते.’

‘म्हणजे शेवटी नवऱ्यानं सोडलेल्या बाईसारखं दिसायचं मी,’ एल्वा म्हणाली, पण तिनं स्वेटर घातला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. परसात कुंपणाच्या सावलीत अजून बर्फाचा मळका ढीग होता. कपड्यांच्या दोरीवर लॉइडनं निळी चादर ताणली. ऊन असं होतं की एल्वाच्या हातावरची प्रत्येक शीर मोजता यावी. सुजलेली पेरं, अंगठ्याच्या बुडाशी आलेलं टेंगूळ, डाग. डोरीननं वेग हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, नेला आणि भिंगातून बघितलं. हात होता. सगळा होता.

एल्वानं गोष्ट सांगितली. मग डोरीननं पडद्यावर पाहिली आणि मान हलवली. हात धारदार दिसत होता, पण घोडा चालत नव्हता. तुकड्यातुकड्यानं उड्या मारत होता, कागदातून कापून काढलेल्या चित्रांसारखा. एका जागी थिजलेला, मग दुसऱ्या जागी थिजलेला, आणि मधलं काहीच नाही. पाठ केलेल्या खुणांसारखा. माझ्यासारखा, डोरीनला वाटून गेलं. फराट्यात हात नव्हता हे खरं, पण चाल होती ती थोडीफार त्या फराट्यातच होती की काय? तिनं वेग पाचशेवर आणला, मग अडीचशेवर. एल्वा प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत होती. बर्फ, घोडा, दोर. एल्वाचा चेहरा घोड्याच्या डोळ्यांनी भरायचा, नाकपुड्या फुलायच्या, आणि प्रत्येक वेळी डोरीनला कॅमेऱ्यातले आकडे बघायचं विसरायला व्हायचं.

‘पुरे आता,’ शेवटी लॉइड म्हणाला. ‘बिचाऱ्या घोड्याला न्यूमोनिया होईल.’

अडीचशेवर जमलं होतं. हात दिसत होता आणि चालतही होता. तिघं आत येऊन बसले, एल्वानं हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला, आणि डोरीननं टेप सावकाश, एकेक चित्र करत, पुढे न्यायला सुरुवात केली. असं तिनं एल्वाला कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. बर्फ फाटायच्या आधी, कुणाला काही कळायच्या आधी, एल्वाची करंगळी किंचित खाली गेली. नुसती करंगळी. मागचा एक खूर. बाकीची तीन बोटं अजून निश्चिंत चालत होती, मान वर होती, आणि मागे तो एक पाय आधीच पाण्यात होता. पुढच्या चित्रात ते संपलं होतं. डोरीननं मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. म्हणजे श्वास अडकायचा तो इथून. दर वेळी, इतकी वर्षं, बर्फ फाटायच्या निमिषभर आधी आपल्याला भीती वाटायची ती उगीच नव्हती. डोळ्यांनी ते पाहिलं होतं आणि आपल्याला सांगितलं नव्हतं. आणखीही होतं. एल्वा हाताकडे बघतच नव्हती. ती बघत होती हात जिथे पोचायचा होता तिथे, आणि हात तिच्या नजरेमागून जात होता, धनी पुढे आणि जनावर मागे. दोर आवळताना डाव्या हाताची मूठ वळायची, पण त्याआधी तिचा स्वतःचा गळा हलायचा. डोरीनला एखाद्या चर्चच्या भिंतीमागे जाऊन विटा बघितल्यासारखं वाटलं. बाहेरून इतकं हलकं दिसणारं, आणि आत एकेक वीट हातानं रचलेली.

‘करंगळी,’ ती एल्वाकडे वळून म्हणाली. ‘तू आधी करंगळी बुडवतेस.’

‘बुडवते?’ एल्वानं पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. ‘बुडवते की. मला काय माहीत. मागचा पाय आधी गेला होता त्याचा.’

पण पुढच्या चित्रांत दुसरंच काही दिसलं आणि डोरीनचं बोट रिमोटवर थांबलं. घोडा पाण्यात पाय मारत होता. एल्वाचं मनगट पूर्ण वळलं होतं, आणि तिच्या तोंडावरून एक कळ गेली. ओठ आत ओढले, डोळ्यांच्या कडा आवळल्या. चालत्या टेपमध्ये ती घोड्याची भीती वाटली होती. थांबवलेल्या चित्रात ती फक्त एका म्हाताऱ्या बाईची कळ होती. डोरीनला ते पाहिल्याचीच शरम वाटली, कुणाच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तशी. आपण हिला उन्हात उभं करून पुन्हा पुन्हा हे करायला लावलं.

‘हे घोड्याचं आहे की तुझं?’ तिनं विचारलं.

एल्वानं पडद्याकडे वाकून पाहिलं. मग तिनं पिशवीवरचा हात उचलला. ‘माझं,’ ती म्हणाली. ‘दुखतंच आहे, तर वाया कशाला घालवू? घोड्याला दिलं.’

लॉइडला हे सहन होईना. तो कॅमेऱ्याशी काहीतरी करू लागला, आणि पडद्यावर एकदम सगळं उलटं झालं. निळी चादर नारिंगी, एल्वाचे पांढरे केस काळे, काळा स्वेटर दुधासारखा, आणि त्या दुधावर तिचा गोरा हात कोळशासारखा काळा. ‘चुकून लागलं बटण,’ लॉइड घाईनं म्हणाला, ‘थांब, काढतो.’

‘काढू नकोस!’ एल्वा उठूनच उभी राहिली. ‘राहू दे. अरे, काळाच होता तो!’

‘कोण?’

‘घोडा! काळाकुट्ट होता. जन्मभर मी लोकांना गोरा घोडा दाखवत आले. काय करणार, हातच गोरा.’ ती पडद्याजवळ गेली. पांढऱ्या बर्फासारख्या त्या स्वेटरवर काळा घोडा पाण्याशी झगडत होता, आणि एल्वा शाफर, जिनं ही गोष्ट अख्ख्या जिल्ह्याला सांगितली होती, ती आपल्या परकरी वयातल्या डोळ्यांनी त्या घोड्याकडे बघत होती. तिच्या गालांवर पडद्याचा नारिंगी उजेड होता. ‘अस्साच,’ ती म्हणाली. ‘अस्साच होता गं. मला वाटलं होतं मी विसरले.’ मग तिनं लॉइडच्या पाठीवर एक सणसणीत थाप दिली. ‘चुकून लागलं म्हणे. तू रोज असं चुकत जा.’

ऑपरेशन झालं. लिलाकही फुलले. डोरीन दुपारची टेप लावून बसू लागली, एकटीच, मांडीवर पांघरूण घेऊन. कारण कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिला इतकंच कळत होतं, की ही गोष्ट ती एकोणीस वर्षांची असल्यापासून खात आली आणि आता कुठे तिला ती शिजवतात कशी ते दिसत होतं. चित्र पुढे, चित्र मागे. एकदा लॉइड कामावरून, म्हणजे बागेतल्या कामावरून, आत आला आणि दारातच थांबला. डोरीनचा उजवा हात पांघरुणावर चालत होता. तिचं लक्ष पडद्याकडे होतं; हात आपला आपण चालला होता, चार बोटांवर, अंगठा वर करून. लॉइड तसाच मागे फिरला. हे त्यानं तिला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

क्लबात टेप दाखवायची ठरली तो शुक्रवार होता. तळलेल्या माशाचा वास, कोबीच्या कोशिंबिरीचे वाडगे, लांबलांब टेबलं. एल्वा पहिल्या रांगेत बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. डाव्या हातानं ती सगळ्यांशी बोलत होती, पण डाव्या हाताचं बोलणं बोबडं होतं, आणि लोक ते कळूनही न कळल्यासारखं दाखवत होते, किंवा न कळूनही कळल्यासारखं. डोरीनला आईचं जेवणाचं टेबल आठवलं. एल्वा मधेच एक विनोद अर्धवट सोडून ‘जाऊ दे’ म्हणाली. एल्वा शाफर, ‘जाऊ दे’. डोरीननं दिवे मालवले.

गोष्ट झाली. घोडा बाहेर आला, खांद्यामागे दिसेनासा झाला, दिवे लागले आणि हॉलभर पंजे हवेत थरथरले. म्हातारेकोतारे डोळे पुसत होते. एल्वाकडे सगळे वळले. ती कपाळाला आठी घालून पडद्याकडे बघत होती.

‘कोण ही बाई?’ तिनं डाव्या हातानं विचारलं. ‘शेवटी फार घाई करते.’

लोक हसले. एल्वा हसत नव्हती. ती उठली, पुढे गेली, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. गळ्यातली झोळी काढून तिनं प्लॅस्टरचा हात खाली सोडला आणि डावा तळवा आडवा धरला. तळं झालं. पांढरं, रुंद, रिकामं. त्याच्यावर कुणीच नव्हतं. ती तसा तळवा धरून उभी राहिली, आणि तिची नजर रांगेवरून फिरत फिरत डोरीनवर येऊन थांबली. हनुवटीनं तिनं खुणावलं. ये.

डोरीननं मागे बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावत असेल म्हणून. ‘मी?’ तिनं विचारलं. ‘माझे हात कसे आहेत ते—’

एल्वाला उत्तर देण्यासाठी तळं मोडावं लागलं. ‘मला तुझे हात नकोत,’ ती म्हणाली. ‘एकच हवाय.’ आणि तळवा पुन्हा आडवा.

डोरीन तिच्या मागे जाऊन उभी राहिली. ती उंच, एल्वा ठेंगणी. एल्वाच्या उजव्या काखेखालून तिनं आपला हात पुढे घातला. आता तिला एल्वाचं तोंड दिसत नव्हतं. मानेवरचे बारीक पांढरे केस दिसत होते, साबणाचा वास येत होता, आणि छातीला टेकलेली ती बारकी पाठ श्वासानं वरखाली होत होती. समोर लोकांचे चेहरे, सगळे तिच्या हाताकडे. इतके डोळे त्या हातावर कधी पडले नव्हते. तो हात तिला मांडीखाली घ्यावासा वाटला. मग एल्वाची पाठ किंचित पुढे झुकली, कुणी पाऊल टाकण्याआधी झुकतं तशी, आणि डोरीनची चार बोटं त्या थंड तळव्यावर टेकली आणि चालू लागली. कुठे काय हे हाताला माहीत होतं. पाठ सांगत होती आणि हात जात होता. करंगळी बुडाली. समोर पहिल्या रांगेतल्या एका बाईचा हात तोंडाशी गेला, तिला स्वतःला कळायच्या आत. बर्फ फाटला. एल्वाची बोटं फाकली आणि घोडा खाली गेला, पाणी थंड होतं, डोरीननं मनगट पूर्ण वळवलं आणि ते वळलं, सहज, न दुखता, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं की हिला हे असं वळवताना काय होत असेल; तेव्हा घोड्यानं मान मागे टाकली. एल्वाच्या मुठीनं दोर आवळला. मग ओढलं, ओढलं, आणि घोडा काठावर आला.

इथून तो घराकडे धावायचा. तळव्यावरून, मनगटावरून. डोरीनला ते एकेक चित्र पाठ होतं. पण तिचा हात धावला नाही. तो उभा राहिला. पाय फाकून, मान खाली घालून, बर्फावर, आणि थरथरू लागला. ती करत नव्हती ते. बोटं खरोखरच थरथरत होती. हॉल वाट बघत होता. एल्वाची पाठ स्थिर झाली होती, श्वाससुद्धा नाही. मोडली मी, डोरीनला वाटलं, तिची गोष्ट मोडली मी. आता पाय उचल, पळ, पळ ना. हात पळेना. एवढ्या पाण्यातून आल्यावर, एवढा गळा आवळल्यावर, लगेच कसं कुणाला पळता येईल?

मग खालचा बर्फ हलला. एल्वाचा डावा तळवा घोड्याच्या पायांखालून हळूच निघाला, आणि घोडा हवेत तसाच उभा राहिला. तो तळवा आता तळं नव्हता. त्याची बोटं जड झाली होती, गारठ्यानं आखडलेली, जाड हातमोज्यातली. बापाचा हात होता तो, ज्यानं आत्ताच दोर आवळला होता. तो वर आला, थबकला, पुन्हा वर आला, आणि घोड्याच्या मानेवर टेकला. वरून खाली, एकदा. मग पुन्हा. एल्वानं हे कधीच सांगितलं नव्हतं, क्लबातल्या कुणालाच. डोरीनच्या छातीला टेकलेली पाठ आता जोरजोरात वरखाली होत होती. डोरीनचा अंगठा खाली झुकला, आणि घोडा त्या हाताला मान घासत उभा राहिला.